सहावी पायरी

सहाव्या पायरीवर राजशेखर बसला. एक हात छातीवर, दुसरा कठड्यावर, डोळे मिटलेले. रोज तिथंच बसायचा.

"काय होतंय?" मी खालून विचारलं.

"दम लागला."

"कालही इथंच लागला होता."

"छाती तीच आहे ना गिरिजा. कालची नि आजची."

माझ्या हातात उशी होती. खोकला आला की ती छातीशी घट्ट धरायची, म्हणजे मधलं हाड हलत नाही, असं ऑपरेशननंतर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याला शेवटचा खोकला येऊन तीन आठवडे झाले होते, पण उशी घेऊन उभं राहायची मला सवय लागली होती.

अंगणात देशमाने काकू शेवया वाळत घालत होत्या. त्या आमच्या घरमालकीण. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि रोजचं वाक्य बोलल्या, "सावित्री आहेस गं बाई तू. आजकालच्या पोरी असलं करत नाहीत."

आजकालच्या पोरी काय करतात हे काकूंना काही ठाऊक नव्हतं, कारण त्या पेठेच्या पलीकडे जात नसत. पण हे वाक्य सगळेच म्हणायचे. राजशेखरच्या शाळेचे हेडमास्तर भेटायला आले तेव्हा अर्धा तास स्वतःच्या मूळव्याधीबद्दल बोलले आणि जाताना मला सावित्री म्हणून गेले. त्याच्या चित्रकलेच्या तासाला बदली म्हणून जाणारे जोशी सर आले, त्यांनी आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. तोही असाच तरुण होता, त्याचंही असंच ऑपरेशन झालं होतं, आणि तो सव्वा महिन्यात गेला. एवढं सांगून त्यांनी चहा घेतला, दुसऱ्यांदा मागितला, आणि निघताना तेच म्हणाले. मला त्या शब्दाची शिसारी बसली होती. कारण मी तिथं का होते हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

आमचं लग्न होऊन तेव्हा जवळपास दोन वर्षं झाली होती. मी उदगीरची. राजशेखर बार्शीतल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचा. वय एकोणतीस, बोलायला कमी, हसायला बरा. मला बघायला आला तेव्हा त्याची बोटं मला आवडली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. त्याचे वडील वारले होते. त्याची आई, म्हणजे आत्याबाई, आणि धाकटा भाऊ शिवानंद पेठेतल्या घरात राहायचे. आम्ही शाळेजवळ देशमान्यांच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या होत्या. जिना बाहेरून होता, सिमेंटचा, एकवीस पायऱ्यांचा.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्याला त्या जिन्यावर धाप लागायला लागली. पुढे आडवं पडलं की धाप, मग बोलताना धाप. बार्शीच्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं, सोलापूरच्यांनी पुण्याला. हृदयातली एक झडप आवळून गेली होती, ती काढून धातूची बसवायची होती. जानेवारीत त्याला दाखल केलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी एक शिकाऊ डॉक्टर फाइल घेऊन आला. पोरगेलासा, घाईत. राजशेखरला एक्स-रे काढायला नेलं होतं. खाटेशी मी एकटीच होते.

"पेनिसिलीनची इंजेक्शनं कधी बंद केलीत?" त्यानं विचारलं.

"कसली इंजेक्शनं?"

"दर एकवीस दिवसांनी घ्यायची ती." त्यानं पान उलटलं. "अकराव्या वर्षापासून चालू होती. सांधेतापानं झडप गेल्याचीच केस आहे ही. शेवटची नोंद एकोणीस एप्रिलची दिसते. नंतर का नाही घेतली?"

आमचं लग्न त्याच वर्षीच्या आठ मेचं.

मी ती फाइल त्याच्या हातातून घेतली. त्यानं दिली, कारण त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत सोलापूरच्या डॉक्टरांचा एक कागद होता, लग्नाच्या चार वर्षं आधीचा. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, झडप खराब आहे, पुढे ऑपरेशन लागेल, इंजेक्शनं एकदाही चुकवू नयेत.

आत्याबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. जपमाळ हातात होती, पण लक्ष लिफ्टमधून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे. मी तो कागद त्यांच्यापुढे धरला.

"आत्याबाई, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "लहानपणी सांधे धरायचे जरा त्याचे. कुणाचे धरत नाहीत?"

"इंजेक्शनं लग्नाआधी थांबवली."

"बरा झाला होता म्हणून थांबवली. आता ह्या घडीला हे काढायचंय का तुला? उद्या माझ्या लेकराची छाती उघडणार आहेत."

तेवढं म्हणून त्या रडल्या. शेजारच्या पेशंटच्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना काही लावून बोलले होते. आत्याबाईंना रडणं हवं तेव्हा येत असे. त्यासाठी दुःख व्हावं लागत नसे.

ऑपरेशन पाच तास चाललं. नीट झालं. तिसऱ्या दिवशी त्याला खोलीत आणलं, आणि सातव्या दिवशी, त्याला भात भरवून झाल्यावर, मी त्याला विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं."

तो छताकडे पाहत राहिला. मग "हो" म्हणाला.

"आणि इंजेक्शनं माझ्यापासून लपवायची म्हणून थांबवलीत."

त्यानं डोळे मिटले.

"ऐका मग. डॉक्टर म्हणालेत, तीन महिने लागतील. तीन महिने मी सगळं करीन. तुमचं अंग पुसीन, गोळ्या देईन, सोलापूरला नेईन. कुणाला बोलायला जागा ठेवणार नाही. ज्या दिवशी तुम्ही आपल्या पायांनी माडीवर जाल, त्या दिवशी मी उदगीरला जाईन. परत येणार नाही."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. मला वाटलं होतं, तो माफी मागेल, निदान कारण तरी सांगेल. एक माणूस तुमचं आयुष्य फसवून मागून घेतो, उघडा पडतो, आणि म्हणतो, बरं. त्या दिवशी मला त्याची जेवढी किळस आली तेवढी नंतर कधी आली नाही. भाताचं ताट मी विसळून ठेवलं.

बार्शीला आल्यावर काकूंनी खालची बाहेरची खोली आम्हाला वापरायला दिली. तो खाली झोपायचा, स्वयंपाक वर. दिवसातून तीस वेळा मी तो जिना चढत-उतरत होते. पहिले दोन आठवडे त्याला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हते. शर्ट मी चढवायची, गुंड्या मी लावायची. वरची गुंडी लावताना माझा कान त्याच्या छातीजवळ जायचा आणि ती नवी झडप ऐकू यायची. बारीक, कोरडा आवाज. टक, टक, टक.

"ऐकू येतं का गं?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

आत्याबाईंनी गावात सांगून ठेवलं होतं की राजूच्या छातीत पाणी झालं होतं, ते काढलं. कारण शिवानंदचं लग्न लातूरच्या एका घरात ठरलं होतं, वैशाखात होतं, आणि थोरल्याच्या हृदयात धातूची झडप आहे हे त्या लोकांच्या कानावर जायला नको होतं. म्हणजे एकदा लपवून जे झालं ते डोळ्यांपुढे असताना बाई दुसऱ्यांदा लपवत होत्या. मलाही त्यांनी बजावलं, "विचारलं कुणी तर पाणी म्हणायचं." मी विचारणाऱ्याला काहीच सांगत नसे. माझं गप्प राहणं त्यांना समजूतदारपणा वाटलं.

शिवानंद आठवड्यातून एकदा यायचा. येताना पालकाच्या दोन मोठ्या जुड्या आणायचा.

"भाऊजी, पालक नको म्हटलं होतं ना," मी सांगायची. "रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे. पालेभाजी एकदम जास्त झाली की गोळीचा गुण जातो."

"अहो वहिनी, पालकानं रक्त वाढतं."

"रक्त कमी नाहीये त्यांचं."

"तरी. वाढलेलं बरंच की."

आणि तो मोटरसायकलला किक मारून निघून जायचा. पालक मी काकूंना द्यायची. काकूंचं रक्त त्या उन्हाळ्यात भरपूर वाढलं असणार.

गोळीचं प्रमाण ठरवायला रक्ताची एक तपासणी लागायची. ती बार्शीत होत नव्हती. आधी दर आठवड्याला, मग दर दुसऱ्या मंगळवारी आम्ही सकाळच्या एसटीनं सोलापूरला जायचो. खिडकीशी तो, मांडीवर उशी, शेजारी मी. मार्चच्या मधल्या मंगळवारी रक्त दिल्यावर तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं.

"झडप उत्तम चालली आहे. हाडही जुळलंय. किती चालता?"

"अंगणात," राजशेखर म्हणाला.

"अंगणात? अहो, एव्हाना दोन किलोमीटर चालायला हवं. जिना?"

"सहा पायऱ्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बाई, जरा मोकळं सोडा यांना. माणूस काचेचा नसतो. तुम्ही बायका इतकं जपता की पेशंट पेशंटच राहतो."

मी राजशेखरकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, जणू त्याला तिथली एखादी तारीख हवी होती.

परत येताना एसटीत मी त्याला विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत? मी जपते तुम्हाला?"

"नाही."

"मग त्यांना सांगायचं होतं."

"काय सांगू? माझी बायको मला जपत नाही, असं?"

वैरागला तो खाली उतरला आणि माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आला. भरलेला ग्लास, गर्दीतून, एक थेंब न सांडता. मी तो खिडकीतून घेतला आणि प्यायले. तहान लागली होती म्हणून.

मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फेब्रुवारीतच पत्र लिहिलं होतं. सगळं लिहिलं होतं. ते प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर, तापट नव्हते. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. तू म्हणतेस तेव्हा येतो. घर तुझं आहे. तब्येत सांभाळ. कुणाशी भांडू नकोस.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, तीन महिने भरल्यावर, ते आले. मी बोलावलं नव्हतं. दिवस त्यांनीच मोजले होते. दहा वाजता रिक्षातून उतरले, हातात रिकामी ट्रंक. ती बघून काकूंनी शेवयांवरचं फडकं तसंच सोडलं आणि आतल्या दारानं आपल्या पोरीला पेठेत पिटाळलं. अर्ध्या तासात आत्याबाई आणि शिवानंद हजर.

खालच्या खोलीत आम्ही पाच जण. राजशेखर खाटेवर, अण्णा खुर्चीत, आत्याबाई भिंतीशी, शिवानंद दारात किल्ली फिरवत. मी चहा दिला आणि उभी राहिले.

"गुरुजी, तुमची लेक म्हणजे सावित्री आहे," आत्याबाईंनी सुरुवात केली. "आमच्या राजूसाठी तिनं जे केलं ते पोटची पोर करणार नाही. आणि आता ऐन वेळी तुम्ही ट्रंक घेऊन येता?"

"तीन महिने झाले," अण्णा म्हणाले.

"झाले असतील. पण त्याची अवस्था बघा की. सहा पायऱ्या चढला की बसतो तो. अशा माणसाला टाकून जाणं शोभतं का? लोक काय म्हणतील? निदान वैशाख तरी होऊ द्या. शिवाच्या लग्नात थोरली सून नसली तर लातूरकर काय समजतील?"

"म्हणजे जावईबापूंची तब्येत वैशाखापर्यंत सुधारायची नाही, असं तुमचं म्हणणं आहे," अण्णा शांतपणे म्हणाले.

"मी काय डॉक्टर आहे? देवाच्या हातात आहे ते."

"ताई, मी भांडायला आलो नाही. एकच विचारतो. लग्न ठरवताना हा आजार तुम्हाला माहीत होता का?"

"काही माहीत नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या. डोळ्यांची पापणी न लववता. "माहीत असतं तर सांगितलं नसतं का? आम्ही देवाधर्माची माणसं. ऐन तिशीत हे झालं, ते पोराचं नशीब. आता नशीब कुणाच्या पायगुणानं फिरतं, ते मी बोलत नाही."

शिवानंद दारातून म्हणाला, "जाऊ दे आई."

मला वाटलं, आता अण्णा उठतील. पण उठला राजशेखर. त्यानं खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या आणि शिवानंदला बाजूला करून तो बाहेर गेला. आम्ही त्याच्या मागोमाग अंगणात आलो. तो जिना चढायला लागला.

सहावी पायरी आली आणि गेली. तो थांबला नाही. कठड्याला हात लावला नाही. वर जाऊन त्यानं आमच्या दाराची कडी एकदा हातानं वाजवली, वळला, आणि तसाच खाली आला. अण्णांसमोर उभा राहिला. त्याचा श्वास जरा वाढला होता, धाप नव्हती.

"अण्णा," तो म्हणाला, "मला अकराव्या वर्षापासून माहीत आहे."

"राजू, गप बस," आत्याबाई म्हणाल्या.

"गप बसूनच हे झालं. अण्णा, ऑपरेशन लागेल हे मला पंचविसाव्या वर्षी सांगितलं होतं. आईला माहीत होतं, शिवाला माहीत होतं. इंजेक्शनं मी थांबवली. आई म्हणाली होती थांबव, पण मी लहान नव्हतो. मीच थांबवली. दर एकवीस दिवसांनी दवाखान्यात जाणारा नवरा बघून ही पहिल्या महिन्यात निघून जाईल, असं मला वाटलं. झडप त्यामुळेच जास्त बिघडली, असं डॉक्टर म्हणाले. हिच्या पायगुणानं नाही."

शेजारच्या गच्चीवर दोन बायका येऊन उभ्या होत्या. देशमाने काकू तर दारातच होत्या. आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"आणि हा जिना?" अण्णांनी विचारलं.

राजशेखरनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तीन आठवडे झाले, मी चढतो. गिरिजा मंडईत गेली की वर जाऊन यायचो. आधी एकदा, मग दोनदा. ती आली की सहाव्या पायरीवर बसायचो. ती म्हणाली होती, मी वर गेलो की ती जाणार. म्हणून गेलो नाही. तुम्ही तिला घेऊन जा. तिचे तीन आठवडे मी जास्त घेतले."

शिवानंदनं किल्ली खिशात घातली.

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना फार कमी वेळा एवढा राग आलेला मी पाहिला होता. "बाळ, ह्या नाटकासाठी तू इथं राबत होतीस? तुला कळलं नाही?"

इथवर मी एक गोष्ट सांगितली नाही. आमच्या घरासमोर पिठाची गिरणी होती. तिच्या बाकड्यावर बसलं की अख्खा जिना दिसायचा, पण जिन्यावरून बाकडं दिसत नसे, मध्ये ज्वारीची पोती असत. सोलापूरच्या डॉक्टरांची मी बोलणी खाल्ली त्याच्या दोनच दिवसांनी मी मंडईतून येताना दळण घ्यायला तिथं बसले होते. राजशेखर बाहेर आला. अंगणात कुणी नाही असं पाहून तो जिना चढून वर गेला, खाली आला, परत वर गेला. दुसऱ्या वेळी वरच्या पायरीवर उभा राहून त्यानं दोन्ही हात ताणून आळस दिला. मी दळण घेतलं आणि घरी आले, तेव्हा तो सहाव्या पायरीवर छातीला हात लावून बसलेला.

तेव्हाच मला बोलता आलं असतं. ओरडता आलं असतं. मी पिठाचा डबा खाली ठेवला आणि विचारलं, "काय होतंय?"

"दम लागला," तो म्हणाला.

आणि त्यानंतर रोज मी विचारत राहिले. रोज उशी घेऊन उभी राहिले. अजून जायचं नाही एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो मी स्वतःलासुद्धा कबूल केला नव्हता. फसवलेली बाई म्हणून मला ताठ मान हवी होती, आणि त्याच वेळी तो बरा होऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही मला हवं होतं.

"मला माहीत होतं, अण्णा," मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यातच गिरणीतून पाहिलं मी."

राजशेखरनं झटकन मान वर केली.

आत्याबाई हसल्या. खरंच हसल्या, तोंडाला पदर न लावता. "घ्या," त्या म्हणाल्या. "पाहिलं नि बोलली नाही. बापाला पण बोलली नाही. मग आमच्यात नि तुझ्यात फरक काय गं?"

तीन महिने मी त्या बाईच्या प्रत्येक शब्दाला मनातल्या मनात उत्तर देत आले होते. ते वाक्य ऐकून मी जिन्याकडे वळले. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी त्या मला सावित्री म्हणाल्या नाहीत.

मी माडीवर गेले, ट्रंक भरली आणि अण्णांबरोबर उदगीरला निघून गेले. सांगितलं होतं म्हणून गेले. राजशेखरनं ट्रंक उचलायला हात पुढे केला, तेव्हा मी म्हटलं, "जड उचलायचं नाही अजून महिनाभर." रिक्षावाल्यानं ती उचलली.

उदगीरला सगळ्यांनी मला चांगलं वागवलं. आईनं काही विचारलं नाही. मावश्यांनी विचारलं, आणि ऐकून त्या लोकांना भरपूर शिव्या घातल्या. माझ्या बाजूनं इतकी माणसं बोलत होती, आणि मला त्यांच्यातल्या कुणाचंच ऐकवत नव्हतं. त्यांना मी दळणाची गोष्ट सांगितली नव्हती. आपली कशी फसवणूक झाली हे मी रोज नव्या बाईला सांगत होते आणि रोज तेवढाच भाग गाळत होते. आत्याबाई पाणी म्हणायच्या, तसंच.

शिवानंदचं लग्न वैशाखात लागलं. लातूरकरांना राजशेखरनं स्वतः जाऊन सगळं सांगितलं, असं कळलं. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. आत्याबाई मात्र महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत, हेही कळलं. मला कुणाचं पत्र आलं नाही. त्यानं लिहिलं नाही, मीही नाही.

सहाव्या आठवड्यात एका मंगळवारी मी पहाटेची लातूरची गाडी धरली, लातूरला बदलली आणि अकराच्या सुमारास सोलापूरला उतरले. अण्णांना फक्त म्हटलं, सोलापूरला जाऊन येते. त्यांनी डबा दिला.

तपासणीच्या जागी नेहमीची गर्दी होती. राजशेखर भिंतीकडच्या बाकावर टोकाला बसला होता. मांडीवर उशी नव्हती. शर्टाच्या सगळ्या गुंड्या नीट लावलेल्या, दाढी केलेली, गालावर एक लहान कापल्याची खूण आणि तिच्यावर कापूस. गोळीमुळे रक्त लवकर थांबत नसे त्याचं. मी जाऊन शेजारी बसले. त्यानं बाजूला सरकून जागा केली, आधी वर न पाहताच, आणि मग पाहिलं.

त्यानं गालावरचा कापूस चाचपला. मग म्हणाला, "कशी आलीस?"

"एसटीनं."

"लातूरवरून?"

"दुसरा रस्ता आहे का?"

"नाही." त्यानं हातातली चिठ्ठी उलटसुलट केली. "माझा अठ्ठावीस नंबर आहे. आत्ता सोळा चालू आहे."

"शाळा?"

"जूनपासून जाणार. जेवलीस?"

"डबा आहे."

समोर एक म्हातारा कण्हत होता, त्याची सून त्याला वारा घालत होती आणि दुसरीकडे बघत होती. मी ट्रंक आणली नव्हती. परतीच्या गाडीची वेळ मला माहीत होती, साडेतीनची. दोन्हीकडच्या गाड्या, लातूरची आणि बार्शीची, साडेतीनलाच सुटायच्या.

"गिरिजा," तो म्हणाला, "तू गिरणीतून पाहिलंस, तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू पुण्यात नुसतं बरं का म्हणालास?"

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं. मुद्दाम केलं नाही, तोंडातून गेलं. त्यानं ते ऐकलं, आणि हातातली चिठ्ठी खिशात ठेवली.

"मी माझं सांगीन," मी म्हटलं. "पण आधी तू. अकराव्या वर्षापासून सांग. ताप कुठं आला, कुणी नेलं दवाखान्यात, आईनं काय सांगितलं, तुला काय वाटलं. काही गाळायचं नाही. मला चांगलं वाटावं म्हणून काही घालायचंही नाही."

"इथं? एवढ्या लोकांत?"

"इथंच."

त्यानं एकदा आजूबाजूला पाहिलं. मग सुरुवात केली. पाचवीत होता. गणपतीच्या दिवसांत घसा दुखत होता, मग गुडघे सुजले. वडिलांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. पहिली सुई टोचली तेव्हा त्याला शू झाली, वडिलांनी आपला रुमाल त्याच्या चड्डीवर धरला आणि घरी कुणाला सांगितलं नाही. त्याला सांगता येत नव्हतं नीट, मध्येच थांबत होता, एखादं वर्ष मागेपुढे करत होता. मी मध्ये बोलले नाही. सतरा, अठरा, एकोणीस असे नंबर पुकारले जात होते.

अठ्ठावीस नंबर पुकारला तेव्हा तो नववीपर्यंतच पोचला होता.

"जाऊन ये," मी म्हटलं. "मी बसलेय."